रोज दोनदा भरती-ओहोटी येणारी टाकी

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीच्या फायरच्या टाकीला गळती लागली आहे, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. मीसुद्धा. टाकी पार्किंगच्या खाली, साधारण लाखभर लिटरची. पंपरूममधल्या इंडिकेटरवर जानेवारीत पाण्याची पातळी २.९० मीटर दिसत होती आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात २.७३. म्हणजे १७ सेंटिमीटर पाणी कमी. टाकीच्या लांबी-रुंदीने गुणलं तर पावणेसहा हजार लिटरच्या आसपास. फायरचं पाणी कुणी वापरत नाही, मग गेलं कुठे? वॉटरप्रूफिंगवाला आला, मॅनहोलमधून टॉर्च मारून भिंती बघितल्या आणि दीड लाखाचं कोटेशन ठेवून गेला.

तो इंडिकेटर आणि त्याला जोडलेला सेन्सर माझ्याच आग्रहाने बसला होता. मी पुण्याजवळ भोसरीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजमापाची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, चौदा वर्षं काम करते. प्रेशर गेज, ट्रान्समीटर, प्रेशर स्विच, हेच दिवसभर हाताखालून जातं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फायर यंत्रणा तपासून फॉर्म बी, म्हणजे ती ठीक असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. दर वेळी टाकी भरलेली आहे का, हे बघायला मॅनहोलवर उभी असलेली कुणाची तरी गाडी हलवा, कांबीने झाकण उचला, असा खटाटोप. म्हणून मीटिंगमध्ये मी म्हटलं, एक लेव्हल सेन्सर टाकू, सहा-सात हजारांत काम होईल. चेअरमन काका लगेच म्हणाले, “तुझं रोजचंच काम आहे, तूच बघ.”

पाण्याची पातळी मोजायला प्रेशर सेन्सर का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. दहा मीटर पाण्याचा स्तंभ तळाशी जवळजवळ एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. टाकी रुंद असो की अरुंद, फरक पडत नाही, फक्त खोली महत्त्वाची. त्यामुळे तळाशी दाब मोजला की वर किती पाणी आहे ते कळतं. आमच्यासाठी घेतलेला सेन्सर ० ते ५ मीटर पाण्याचा होता, पातळीप्रमाणे ४ ते २० मिलिअँपियर करंट देणारा. टाकी रिकामी तर ४, पाच मीटर पाणी तर २०. शून्याला शून्य मिलिअँपियर न ठेवता ४ ठेवण्यामागे शहाणपण आहे: वायर तुटली तर लूपमध्ये, म्हणजे सेन्सर आणि इंडिकेटर जोडणाऱ्या दोन वायरींच्या सर्किटमध्ये, शून्य दिसतं आणि ‘टाकी रिकामी’ आणि ‘वायर तुटली’ यांची गल्लत होत नाही.

सेन्सर लॅबमध्ये आणला तेव्हा मी तो जरा निवांत पाहिला. रोज पाहते, तरी पाहिला, कारण हा आमच्या घराखाली बसणार होता. अंगठ्याएवढ्या जाडीची स्टेनलेस स्टीलची नळकांडी, पुढे चार भोकांचं काळं टोपण. टोपण काढलं की आत बारीक गोल वळ्या असलेला पातळ पत्रा दिसतो, तो डायफ्राम. त्याला बोटही लावायचं नाही. एकदा एका कारखान्यातून आलेल्या सेन्सरच्या भोकात कुणीतरी गाळ काढायला टाचणी घातली होती. पत्र्याला डोळ्याला न दिसणारं छिद्र पडलं होतं आणि मागचं सिलिकॉन तेल निथळून गेलं होतं. त्या तेलामागे सिलिकॉनची चिप असते. चिपच्या पातळ पडद्यावर चार रोध (रेझिस्टर) एकमेकांना ब्रिजसारखे जोडलेले. पडदा कणभर वाकला की रोध बदलतात. सिलिकॉनवर ताण दिला की त्याचा रोध एवढा बदलतो, हे १९५४ साली बेल लॅब्जमध्ये चार्ल्स स्मिथने दाखवून दिलं. आजचे बहुतेक छोटे प्रेशर सेन्सर त्याच गुणावर चालतात. आमच्या सासूबाईंच्या बीपीच्या मशीनमध्येही त्याच जातीची चिप आहे.

केबल मात्र साध्या केबलसारखी नव्हती. सोलली तर आत लाल आणि काळी वायर, आणि त्यांच्या मध्ये एक पारदर्शक नळी, बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक. ही नळी सेन्सरच्या पाठीशी जाते, चिपच्या दुसऱ्या बाजूला. पाण्यावर हवेचाही दाब असतो ना! पुण्यात तो ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे साडेनऊ मीटरपेक्षा जास्त पाण्याइतका. तो दाब पाण्याच्या पृष्ठभागावरून खाली सेन्सरपर्यंत पोहोचतो. नळीतून तोच हवेचा दाब चिपच्या मागच्या बाजूलाही पोहोचवला की दोन्हीकडून सारखा होऊन तो कटतो आणि उरतो फक्त पाण्याचा. नळीचं वरचं टोक त्यासाठी उघडं राहायला हवं.

हे मला पाठ होतं. बेंचवर सेन्सर तपासून मी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियन दादांच्या हाती दिला, कुठली वायर कुठे ते कागदावर लिहून दिलं आणि ड्युटीवर गेले. गुरुवार होता, भोसरीत एमआयडीसीची सुट्टी असते, पण त्या दिवशी ऑडिट होतं. संध्याकाळी परत आले तेव्हा इंडिकेटरवर २.९० दिसत होतं. लोखंडी टेप सोडून पाहिली, २.९०. सगळे खूश.

आणि मग सहा महिन्यांत आकडा उतरत गेला. फेब्रुवारीत २.८८, एप्रिलमध्ये २.८०, जुलैत २.७३.

वॉटरप्रूफिंगचं कोटेशन कमिटीपुढे यायच्या आदल्या संध्याकाळी वॉचमन मामांनी आपल्या हिशोबाने टाकी भरायला घेतली. फॉर्म बी वाले येणार, टाकी भरलेली दिसली पाहिजे. आमच्याकडे फायर टाकी वेगळी आहे, हाताच्या व्हॉल्व्हने भरायची. १७ सेंटिमीटर भरायला तासभर तरी लागणार, म्हणून व्हॉल्व्ह उघडून मामा चहाला गेले. पंधरा-वीस मिनिटांत पार्किंगमध्ये पाणीच पाणी. ओव्हरफ्लोच्या पाइपमधून धो धो पडत होतं. ओव्हरफ्लो २.९५ ला आहे. मी धावत पंपरूममध्ये गेले, तर इंडिकेटरवर २.७८!

मामा घाबरून म्हणाले, “ताई, माझ्याकडून वाया गेलं पाणी.” मी त्यांना म्हटलं, “मामा, तुम्ही सोसायटीचे दीड लाख वाचवलेत.” पाणी कुठेच गेलं नव्हतं. टाकी सहा महिने जशीच्या तशी होती. सेन्सर १७ सेंटिमीटर कमी सांगत होता आणि टेप सोडून बघायचं माझ्यासकट कुणाच्या मनात आलं नव्हतं. मोजमापाच्या धंद्यात असून मी एका आकड्याला दुसऱ्या आकड्याने तपासलं नाही, याची टोचणी अजून आहे.

दुसऱ्या दिवशी दादांना सेन्सर काढायला सांगितला आणि लॅबमध्ये नेला. कमी दाबाच्या हँडपंपावर लावून ०, २५, ५०, ७५, १०० टक्के चढत नेला, मग उतरत आणला. ४.००, ८.००, १२.०१, १६.०१, २०.०१. उतरतानाही तेच. असा सुरेख सेन्सर मी महिन्यात चार वेळा पाहत नाही. सरांना दाखवला. ते म्हणाले, “याच्यात काही नाही, जागेवर बघ.” मला पटत नव्हतं, पण बेंच खोटं बोलत नव्हता.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं समजायला ती लागते. जास्त दाबासाठी आम्ही डेड वेट टेस्टर वापरतो. पिस्टनवर वजनं ठेवायची, खाली तेलाचा दाब तयार होतो, तोच आपला खरा दाब. पण वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण. वजनांवर कोरलेला दाब बहुतेक वेळा प्रमाण गुरुत्वाकर्षणाचा, ९.८०६६५ चा धरलेला असतो. पुण्यात ते ९.७८ च्या आसपास आहे. ही दुरुस्ती केली नाही तर प्रत्येक रीडिंगमध्ये ०.२ टक्क्याहून जास्त चूक. नवीन मुलं लॅबमध्ये आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हेच विचारते: हा आकडा कशाच्या तुलनेत? दाब कधीच एकटा नसतो. त्याला नेहमी दुसरी बाजू असते.

दादांनी सेन्सर परत बसवला. इंडिकेटर २.९५. टेप २.९५. मिलिअँपियर मोजले, १३.४४, हिशोबाप्रमाणे बरोबर. वेळ सकाळची अकरा. मी चक्रावून गेले. सहा महिने चुकणारा सेन्सर, नुसता काढून लावला तर बरोबर?

या खेपेला मी सोडलं नाही. इंडिकेटरमध्ये रीडिंग साठवायची सोय होती, दर दहा मिनिटांनी एक. चार दिवसांनी पेनड्राइव्हवर घेऊन त्याचा आलेख काढला. फायरची टाकी, पाणी वापरलं जात नाही, आलेख सरळ आडवी रेघ हवी. तिथे लाट होती. सकाळी दहाच्या सुमारास पाणी वर, दुपारी चारला तीन सेंटिमीटर खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा थोडं खाली. चारही दिवस तेच. जमिनीखालच्या बंद टाकीला जणू दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येत होती.

आधी वाटलं, जॉकी पंप. फायर लाइनचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की प्रेशर स्विच तो पंप सुरू करतो, थोडं पाणी उचलतो. पण उचललेलं पाणी रात्री दहाला परत कसं येईल? मग वाटलं व्होल्टेज. दुपारी लाइट कमी-जास्त होते. पॉवर सप्लाय तपासला, २४ व्होल्ट ठणठणीत. शिवाय दोन वायरच्या लूपमध्ये सप्लाय थोडा हलला तरी करंट हलत नाही.

शनिवारी सकाळी सेन्सर पाण्याबाहेर ओढून मॅनहोलमध्येच, पाण्याच्या हातभर वर लटकवून ठेवला. बाहेर हवेत आहे, तर शून्य, म्हणजे ४.०० मिलिअँपियर यायला हवं. दहा वाजता ४.००. दुपारी चार वाजता ३.९१. हवेत लटकलेला सेन्सर, पाण्याचा थेंब नाही, आणि तो सांगतोय की पाणी शून्याच्याही खाली तीन सेंटिमीटर.

त्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. पाण्याचं काही नव्हतंच, हवेचं होतं.

मी भोसरीला जाताना रोज शिवाजीनगरवरून बस बदलते. सिमला ऑफिसचा चौक म्हणतात त्याला. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव पडलं. तिथे आपल्या शहराच्या हवेचा दाब पिढ्यान्‌पिढ्या नोंदला जातोय. आपल्या भागात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सूर्याच्या उष्णतेने सगळ्या वातावरणातच ही लाट उठते, विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात ती ठळक असते, आणि उतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाणी. माझ्या मोबाइलमध्ये बॅरोमीटर आहे. रविवारी दिवसभर तासातासाला त्याचा आकडा वहीत लिहिला आणि टाकीच्या आलेखाशेजारी ठेवला. दोन्ही लाटा एकीवर एक बसल्या.

याचा अर्थ एकच. हवेचा दाब पाण्यावरून सेन्सरच्या पुढच्या बाजूला पोहोचत होता, पण नळीतून मागच्या बाजूला पोहोचत नव्हता.

जंक्शन बॉक्स पंपरूमच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर. झाकण उघडलं. केबलचं टोक, दोन्ही वायर, आणि त्यांच्याभोवती राखाडी एम-सीलचा चांगला लिंबाएवढा गोळा. नळी कुठे दिसेचना. दादांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, बेसमेंटमध्ये दमट असतं ना, पाणी शिरू नये म्हणून पॅक केलं. पहिल्यांदाही केलं होतं, काढताना निघेना म्हणून केबल कापून आणली तुम्हाला.”

सगळे धागे जुळले. पहिल्यांदा जानेवारीत गोळा लावला, नळीत जानेवारीची हवा कोंडली. त्यानंतर सेन्सर बाहेरच्या हवेची तुलना त्या कोंडलेल्या हवेशी करत राहिला. पुण्यात हिवाळ्यात हवेचा दाब जास्त असतो आणि पावसाळ्यात कमी, फरक आठ-दहा हेक्टोपास्कलचा. तेवढे आठ-दहा सेंटिमीटर पाणी ‘गेलं’. उरलेलं उन्हाळ्याने नेलं: कोंडलेली हवा एका अंशाने जरी तापली तरी तिचा दाब तीन हेक्टोपास्कलने वाढतो, ती चिपला मागून ढकलते आणि पातळी आणखी तीन सेंटिमीटर कमी दिसते. तळघर जानेवारीपेक्षा जुलैत दोन-तीन अंश गरम असतंच. बेंचवर आला तेव्हा केबल कापलेली, म्हणजे नळी उघडी, म्हणून सेन्सर शंभर टक्के बरोबर. परत बसवून गोळा लावला, त्या क्षणाची हवा कोंडली, म्हणून त्या दिवशी अकरा वाजता बरोबर आणि चार वाजता चूक.

दादांचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी पाणी शिरू नये म्हणून जे कोणताही चांगला इलेक्ट्रिशियन करेल ते केलं. माझ्या कागदावर लाल वायर होती, काळी वायर होती. नळीबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्या गोष्टीवर सगळं मोजमाप उभं होतं, तीच मी लिहिली नव्हती, कारण ती मला इतकी ठाऊक होती की सांगायची गरज वाटली नाही.

बरं, दादांची भीती खरी होती. नळी नुसती उघडी ठेवली तर पावसाळ्यात दमट हवा आत जाते, थंड पाण्यात बुडलेल्या भागात तिचं दव जमतं आणि एखादा थेंब त्या बारीक नळीत अडकला तरी नळी बंद. एम-सीलसारखीच. म्हणून हवा जाईल पण ओलावा जाणार नाही अशी सोय करावी लागते. मी सिलिका जेलची छोटी कुपी नळीच्या टोकाला लावली. तिच्यातले दाणे ओलावा शोषून रंग बदलतात, तो दिसला की कुपी बदलायची. जंक्शन बॉक्स छातीवरून उचलून छताजवळ नेला आणि त्याला हवा आत-बाहेर जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पातळ पट्टी असलेली टोपी बसवली. कुपी आणि टोपी मिळून चारशे रुपयेही गेले नाहीत.

दुसरा मार्गही होता. नळीच नसलेला, निर्वाताशी तुलना करणारा सेन्सर टाकायचा आणि शेजारी हवेत एक वेगळा बॅरोमीटर ठेवून त्याचं रीडिंग वजा करायचं. विहिरी आणि बोअरवेलमध्ये महिनोन्‌महिने सोडून द्यायच्या लॉगरसाठी, म्हणजे आपोआप नोंद ठेवणाऱ्या उपकरणांसाठी, बऱ्याचदा तेच करतात, कारण तिथे नळी जपायला कुणी नसतं. माझ्या बीएस सिक्स स्कूटरच्या इंजिनातला सेन्सरही तसाच, निर्वाताशी तुलना करणारा. मी तिच्यावरून सिंहगडावर जाते तेव्हा धायरीपासून वरपर्यंत हवेचा दाब सत्तरेक हेक्टोपास्कलने उतरतो. तो सेन्सर ते ओळखतो आणि पातळ हवेला बेताचंच पेट्रोल दिलं जातं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला यातलं काही कळायचं नाही. आमच्या टाकीला मात्र नळीचाच सेन्सर बरा. मामा आहेत, मी आहे, कुपी बघायला माणसं आहेत.

नवा आलेख पाहण्यासाठी मी आठवडाभर थांबले. पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली. रेघ आडवी होती. दहालाही, चारलाही, रात्रीही. मी ती चेअरमन काकांना दाखवली. ते म्हणाले, “यात बघायचं काय? काहीच नाही.” मी ती छापून पंपरूममध्ये लावली.

त्यानंतर एक नियम केला. दर गुरुवारी मामांना जरा सवड असते. त्या दिवशी ते गाडी हलवायला लावतात, टेप सोडतात आणि रजिस्टरमध्ये दोन आकडे लिहितात, टेपचा आणि इंडिकेटरचा. तिसऱ्या रकान्यात कुपीचा रंग. अक्षर त्यांचं मोत्यासारखं आहे.

या जानेवारीत फॉर्म बीसाठी एजन्सीची माणसं आली. मामांनी रजिस्टर पुढे केलं: टेप २.९४, इंडिकेटर २.९४. त्यातल्या एका तरुण मुलाने स्टुलावर चढून जंक्शन बॉक्स उघडला आणि वरून विचारलं, “ही नळी अशी उघडीच ठेवलीय? पॅक करून देऊ का?”

“हात लावू नका तिला,” मामा खालून म्हणाले. “ती मागची हवा घेते.”